पास देणारा अमेरिकन

आयर्लंडमधल्या आमच्या गावच्या बास्केटबॉल क्लबला दर मोसमात एक अमेरिकन लागतो. आपल्याकडे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत बाहेरगावचा एखादा तगडा पोरगा पैसे देऊन आणतात आणि मग सगळ्या चढाया त्याच्याकडूनच करवून घेतात, तसाच हा प्रकार. बाकीचे खेळाडू इथलेच. एक प्लंबर, एक प्राथमिक शाळेतला मास्तर, एक गार्ड म्हणजे पोलीस, दोन-तीन कॉलेजची मुलं. ही मंडळी दिवसभर आपापली कामं करतात आणि संध्याकाळी हौसेनं खेळतात. पगार फक्त अमेरिकनाला. त्या बदल्यात त्यानं सकाळी आसपासच्या शाळांमधून पोरांना शिकवायचं आणि शनिवारी पॉइंट काढायचे, भरपूर काढायचे. नाही निघाले तर ख्रिसमसच्या सुट्टीत तो घरी जातो तेव्हा त्याला परत बोलावत नाहीत, आणि जानेवारीत त्याच्या जागी दुसरा येतो. याचं कुणाला विशेष वाईटही वाटत नाही.

पोर्टलीशला राहायला येऊन चार-पाच वर्षं झाली तरी मला यातलं काही माहीत नव्हतं. माझी नोकरी डब्लिनजवळ सिटीवेस्टला, एका औषध कंपनीत. बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी सकाळी गाडीत बसतो, संध्याकाळी उतरतो, गाव मला फक्त अंधारात माहीत. पण मुलगी क्लबच्या चौदा वर्षांखालच्या संघात खेळायला लागली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एके दिवशी मेसेज आला, की यंदाच्या अमेरिकनाला राहायला खोली हवी आहे, कुणाकडे असेल तर कळवा. या देशात सध्या एखाद्याला देव पावेल, पण भाड्याची खोली मिळायची नाही. बायकोनं मला न विचारता उत्तर दिलं, आमच्याकडे आहे. मी चिडलो. म्हणालो, परका माणूस, वर एवढा मोठा, घरात वयात येणारी मुलगी. ती म्हणाली, तू तरी घरात असतोस कधी?

तो आला तेव्हा खालच्या दारातून वाकून आला आणि वरच्या खोलीच्या दारातूनही वाकूनच गेला. पलंग त्याला पुरला नाही. त्यानं पायाशी एक स्टूल लावलं आणि वर उशी ठेवली, आणि हे इतक्या सराईतपणे केलं, की मला माझ्या चिडण्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, पण राग जरा ओसरला. हळूहळू कळलं, की तो असाच एकेका देशात एकेक मोसम खेळत आला होता. स्लोव्हाकियात त्याला व्यायामशाळेच्या माळ्यावर ठेवलं होतं, सायप्रसमध्ये अध्यक्षांच्या आईच्या घरी, जॉर्जियात एका हॉटेलात, जे हिवाळ्यात बंद असायचं आणि तिथे तो एकटाच असायचा. सगळा संसार दोन बॅगांत. आमच्या घरात तो आपला कप स्वतः धुवायचा आणि पुसून पुन्हा प्रेसमध्ये ठेवायचा. कपाटाला प्रेस म्हणायला तो दोन दिवसांत शिकला, मला दोन वर्षं लागली होती.

वय एकतीस. बास्केटबॉलमध्ये हे वय म्हणजे उतार. त्याचा एजंट अमेरिकेत बसून त्याला जगभर क्लब शोधून द्यायचा, आणि त्यानं या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, की सामन्याला सरासरी पंचवीसच्या वर पॉइंट काढलेस तर जर्मनीतल्या खालच्या लीगमधला एक क्लब तुला दोन वर्षांसाठी घ्यायला तयार आहे. आयर्लंडचे सामने तिकडे कुणी बघत नाही. वेबसाइटवरची सरासरी तेवढी बघतात. सरासरी घसरली तर यापुढे फोन करू नकोस. हे सगळं त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, कारण मी त्याला शनिवारी हॉलवर सोडायचो आणि गाडीत दुसरं बोलायला काही नसायचं. मी विचारलं, आणि नाहीच जमलं तर? म्हणाला, गावी मेहुण्याचं टायरचं गोदाम आहे. मग जरा वेळानं म्हणाला, की मला एकदा तरी दोन हिवाळे एकाच घरात काढायचे आहेत, आणि मला अजून संपायचं नाहीये.

नोव्हेंबरात बाबा आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. जिथे कबड्डी आणि खो-खो सोडून कुणाला काही माहीत नव्हतं तिथे त्यांनी गावकऱ्यांच्या हातापाया पडून सिमेंटचं कोर्ट करून घेतलं आणि पोरांना बास्केटबॉल शिकवला. इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. घरात व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारा अमेरिकन राहतो आहे हे कळल्यावर त्यांनी बॅगही उघडली नाही, आधी त्याच्या खोलीचं दार वाजवलं. त्याच्या तळहाताला आपला तळहात लावून बघितला. हा एकतीस वर्षांचा माणूस त्या दिवसापासून त्यांच्यासाठी पोट्टा झाला.

शनिवारी मी त्यांना सामन्याला नेलं. अमेरिकनानं तिशीच्या वर पॉइंट काढले. हॉल टाळ्या वाजवत होता, माझी मुलगी घसा बसेपर्यंत ओरडत होती. आम्ही हरलो. म्हणजे आम्ही बहुतेक वेळा हरायचोच, त्यात नवीन काही नव्हतं. बाबांनी एकदाही टाळी वाजवली नाही. परतताना अमेरिकन पुढे माझ्या शेजारी पाय दुमडून बसला होता आणि बाबा मागून एकदम मला म्हणाले, "त्याले विचार, मैदानात बाकीचे चार पोट्टे कायले उभे केले हायेत?"

मी म्हटलं, बाबा, थकलाय तो, नंतर विचारू. पण त्यानं मान वळवली आणि ते काय म्हणाले म्हणून विचारलं. मी जरा गुळगुळीत करून सांगायला लागलो तर बाबांना तेवढं इंग्रजी कळलं. जसंच्या तसं सांग म्हणाले. मी सांगितलं. तो हसला नाही आणि रागावलाही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाश्त्याला पोहे झाले आणि बाबांनी टेबलावर मिठाची बरणी, साखरेचा डबा, लोणच्याची बाटली, मुलीचा कप आणि एक वाटी मांडली. वाटी म्हणजे अमेरिकन. तिघं-तिघं त्याच्यावर धावून येतात, मग प्लंबर इकडे मोकळा, मास्तर तिकडे मोकळा, आणि हा तिघांच्या अंगावरून बॉल टाकत बसतो. बाबा बोलत होते, मी भाषांतर करत होतो आणि मनातून वैतागलो होतो, की जगभर पोट भरत फिरलेल्या माणसाला आमचे तालुक्याचे सर बास्केटबॉल शिकवताहेत. अमेरिकन मात्र टेबलावर वाकून ऐकत होता. मग त्यानं हात पुढे केला आणि लोणच्याची बाटली कोपऱ्यात सरकवली. बाबांचा चेहरा असा उजळला, की आई गेल्यानंतर मी तो तसा पाहिला नव्हता.

मग त्यानं सांगितलं, की कॉलेजात तो असाच खेळायचा. स्वतः कमी मारायचा, सगळ्यांना खेळवायचा. परदेशातल्या पहिल्याच क्लबात प्रशिक्षकानं त्याला बाजूला घेऊन सुनावलं होतं, की तुला पास द्यायला अमेरिकेहून आणलेलं नाही. तेव्हापासून सोडलं. मी बाबांना हे सांगितलं आणि एजंटचंही सांगितलं, पंचवीसचंही, जर्मनीचंही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, त्याले सांग, चांगलं खेळलं की वरच्यांले दिसतेच.

हे बाबांचं खरंखुरं मत होतं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचं मत आहे. नेकीनं काम करा, साहेबाचं लक्ष असतं. बाबा स्वतः ज्या पदावर लागले त्याच पदावरून निवृत्त झाले, त्यांच्याकडे साहेबाचं लक्ष कधी गेलं नाही, ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती.

पुढच्या शनिवारी त्यानं बॉल सोडायला सुरुवात केली. आधी प्लंबरला समजेचना. आपल्याकडे बॉल आला म्हणजे काहीतरी चूक झाली असं समजून तो परत देऊन टाकायचा. मग एकदा टाकला, गेला आत. मग मास्तरनं टाकला. गार्ड, जो एरवी नुसता धक्के खायला उभा असायचा, तो त्या दिवशी उड्या मारायला लागला. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढचाही जिंकलो. बाबा सरावालाही जायला लागले. बाकावर बसायचे आणि मराठीत ओरडायचे, आणि ते पाचही जण हातवाऱ्यावरून समजून घ्यायचे. प्लंबर आमच्या घरी नळ दुरुस्त करायला आला तेव्हा त्यानं काही घेतलं नाही, वर बाबांना वाकून नमस्कार केला. तो त्याला कुणी शिकवला कोण जाणे.

ख्रिसमसला आजूबाजूच्या बऱ्याच क्लबांनी आपले अमेरिकन बदलले. आमचा राहिला, कारण आम्ही जिंकत होतो. तो घरीही गेला नाही. बायकोनं भरल्या वांग्यांची भाजी आणि भाकरी केली, त्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि बाबा प्रत्येक भाकरीला माझ्याकडे पाहत राहिले, म्हणजे बघ, खाणारा माणूस असा असतो. मुलीनं त्याला पत्त्यांत हरवलं. बाहेर दुपारी चारलाच काळोख पडायचा, पण घरात बरं वाटायचं. त्या दिवसांत मी खरंच आनंदात होतो. आमच्या घरात एवढा वेळ कुणी एकत्र बसतं, हेच मला नवीन होतं.

जानेवारीत बाबांची परत जायची वेळ झाली. त्याच आठवड्यात हॉलवर जाताना अमेरिकनानं मला गाडी जरा बाजूला घ्यायला लावली. एजंटचा फोन आला होता. शेवटच्या काही सामन्यांची सरासरी चौदावर आली होती आणि एजंट विचारत होता, की दुखापत झाली आहे का, आणि झाली नसेल तर तू करतो आहेस तरी काय. यानं सांगितलं, आम्ही जिंकतोय. एजंट म्हणाला, कोण जिंकतंय? मला तुला विकायचंय, तुझ्या गावाला नाही. हे सांगताना तो पुढच्या काचेतून समोर बघत होता. मी म्हटलं, मग मार की परत स्वतः, अजून अर्धा मोसम आहे. तो म्हणाला, हो, मारतो. मग म्हणाला, "तुझ्या वडिलांना यातलं काही सांगू नकोस."

विमानतळावर बाबांनी त्याला मिठी मारली तेव्हा त्यांचं डोकं त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं. त्यांनी मला सांगायला लावलं, की जर्मनीला गेलास की मी येईन बघायला, पेन्शन आहे. मी ते भाषांतर केलं. तो थँक यू, सर म्हणाला.

बाबा गेल्यावरच्या पहिल्या सामन्यात त्यानं सगळे स्वतः मारले. मी पाहत होतो. प्लंबर कोपऱ्यात हात वर करून उभा राहिला, मग हात खाली घेतला, मग मध्यंतरानंतर वर करायचाच थांबला. तिशीच्या वर पॉइंट झाले आणि आम्ही हरलो. पूर्वी याच खेळाला टाळ्या पडायच्या, आता हॉल गप्प होता. लोकांना आता त्याचे आकडे नको होते, जिंकायची सवय लागली होती. प्रशिक्षक त्याला म्हणाला, तू आजारी आहेस का? गाडीत माझ्या मुलीनं मागच्या सीटवरून तिच्या इथल्या हेलाच्या इंग्रजीत विचारलं, तू आज त्यांना बॉल का नाही दिलास? मी तिला मराठीत दटावलं, गप्प बस म्हणून. ती रडकुंडीला आली, कारण तिला तिचं काय चुकलं ते कळेना. खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून तो पुन्हा पास द्यायला लागला. मी त्याला कारण विचारलं नाही. मला वाटतं, चांगलं खेळण्याची चव त्याला एकदा परत लागली होती आणि ती घालवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. किंवा प्लंबरचा तो खाली आलेला हात त्यालाही दिसला असेल. काहीही असो, आता सामन्याला बारा-तेराच पॉइंट निघायचे. मला त्याचा राग यायचा. बुद्धिबळात आपले घोडे फुकट घालवणाऱ्या खेळाडूकडे बघताना येतो, तसा राग. आणि दर शनिवारी मी त्याला सोडायला जायचोच.

आम्ही वरच्या लीगमध्ये गेलो. शेवटच्या सामन्यानंतर सगळे पबमध्ये जमले, गाणीबिणी झाली, छान क्रॅक झाला, म्हणजे मजा आली, असं सगळे म्हणत होते. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गार्डला चषक मिळाला. तो बिचारा चषक घेऊन सरळ अमेरिकनाकडे आला आणि त्यानं तो त्याच्या हातात दिला, आणि अमेरिकनानं तो टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं, निदान क्लब तरी त्याला पुढच्या वर्षी ठेवील. जर्मनी नाही तर नाही, दुसरा हिवाळा आमच्याच घरी. बायकोनं वरच्या खोलीसाठी लांब पलंग बघायलाही सुरुवात केली होती.

क्लबचे अध्यक्ष मला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटले. भला माणूस. इथले लोक वाईट बातमी नेहमी हवेबद्दल बोलून झाल्यावर देतात, तशी त्यांनी दिली. म्हणाले, वरच्या लीगमध्ये पॉइंट काढणारा माणूस लागेल, तरुण कुणीतरी. आमची पोरं आता छान खेळायला लागली आहेत, पण मोठ्या सामन्यात एक मारणारा हवाच. आणि मग ते वाक्य आलं, "पोरगा ग्रँड आहे रे, पण तूच सांग, सामन्याला बाराच पॉइंट काढणारा अमेरिकन आम्ही कशाला ठेवायचा?"

मी म्हणालो, तुमची पोरं छान खेळायला लागली, ती कुणामुळे? ते म्हणाले, ते आहेच, ते आहेच. मी आणखीही बरंच बोललो. ट्रॉलीत माझं दूध तापत होतं आणि मी परमुलखात, परभाषेत, एका परक्या माणसाच्या नोकरीसाठी भांडत होतो, जे मी माझ्या स्वतःच्या नोकरीसाठी कधी केलं नव्हतं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुझ्या वडिलांना आमचा नमस्कार कळव म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, किंवा सगळं कळलं होतं आणि उपयोग नव्हता.

एजंटनं फोन उचलणं बंद केलं. अमेरिकनानं स्वतः काही क्लबांना लिहिलं. एकाचंच उत्तर आलं, की वय किती, आणि सोबत मोसमाची सरासरी पाठवा. मे महिन्यात मी त्याला बसवर सोडलं. त्यानं मुलीला उचलून घेतलं, बायकोला वाकून मिठी मारली. मला म्हणाला, की इतक्या देशांत खेळलो, पण मी खेळतो कसा हे विचारणारे तुझे वडील पहिले. हे तो कौतुकानं म्हणाला. मला ते ऐकवेना. मी बॅगा उचलून बसच्या पोटात ढकलल्या आणि बस सुटायच्या आतच निघालो.

जूनमध्ये एका रविवारी बाबांचा फोन आला. गुडघे, शेजाऱ्यांचं लग्न, माझ्या भावाची नवी गाडी, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "पोट्टा कुठी खेळून राह्यला आता? जर्मनीले गेला का?"

काही कळलं नाही अजून, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती, की मला ती सहन झाली नाही. मी सगळं सांगून टाकलं. सरासरी, एजंट, क्लबचा निर्णय, टायरचं गोदाम. सांगताना माझा आवाज चढला होता आणि मी कुणावर चढवतो आहे हे मला कळत नव्हतं. 

मग बाबा म्हणाले, "मंग त्यानं पास द्यायलेच नको होता."

दहावीत असताना, बाबांच्याच शाळेच्या संघातून खेळताना, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मी मोकळ्या उभ्या असलेल्या पोराला बॉल न देता स्वतः मारला होता. तो आत गेला होता. तरीही बाबांनी मला बाहेर काढून बाकावर बसवलं आणि आम्ही एका पॉइंटनं हरलो. घरी येताना मी रडत होतो, आणि ते मागे न बघता म्हणाले, की हरलो तर हरलो. कित्येक वर्षं मी त्या दिवसासाठी त्यांच्यावर डूख धरून होतो. पण ते चुकले होते असं मला कधी वाटलं नाही, त्यांना तर नाहीच नाही. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यभर दुसरी कुठली गोष्ट इतकी धरून ठेवली नव्हती.

मी म्हणालो, बाबा, असं म्हणू नका. तुम्ही बरोबर होता. तो स्वतः तसं म्हणाला जाताना.

ते म्हणाले, "त्याचं पोट होतं बाबू त्या आकड्यावर. तू मले सांगितलं होतं, म्या ऐकलंच नाही. म्या त्याले शाळेतला पोट्टा समजलो."